तुमच्या वहीतील तारे आणि त्यांची कारणे

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): मी साताऱ्याला न्यायालयात लघुलेखिका आहे. आम्ही आठ जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून वाचलेल्या पुस्तकांवर बोलतो. गेल्या दिवाळीपासून फक्त कथाच वाचायच्या, आणि त्याही निरनिराळ्या प्रकारच्या, असे आम्ही ठरवले. मी प्रत्येक कथेला वहीत पाचांपैकी तारे देते आणि शेजारी एक ओळ लिहिते. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातलं सोनं’ला पाच तारे (‘फारच हृदयद्रावक’), व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘धर्मा रामोशी’ला चार (‘सुंदर, पण कथा वाटली नाही’), जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ला तीन (‘मजेदार, पण विज्ञान कळले नाही’), जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘स्वामी’ला दोन (‘संपतच नाही’) आणि एका दिवाळी अंकातील भयकथेला पाच (‘झोप लागली नाही’). ही वही मी वाचून दाखवली तेव्हा आमच्यातील एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की, जी. ए. कळायला तयारी लागते आणि भयकथा हे साहित्यच नव्हे. सगळे हसले. त्यानंतर मी वही नेणे बंद केले. माझी मते चुकीची आहेत का? कथेबद्दल मत कसे बनवावे? शिवाय पुढच्या बैठकीत आमची एक मैत्रीण स्वतः लिहिलेली पहिली कथा वाचणार आहे. ती आवडली नाही, तर तसे सांगावे का?

सस्नेह नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वेळी मला त्यातील कंसांमधल्या ओळीच अधिक महत्त्वाच्या वाटल्या. आधी एक गोष्ट सांगतो: वही पुन्हा न्यायला लागा. त्या वहीत पाच कथांची प्रामाणिक नोंद आहे, आणि वाचलेली प्रत्येक कथा ‘छान’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्या माणसापेक्षा एका मोठ्या लेखकाच्या कथेला दोन तारे देऊन ते चारचौघांत वाचून दाखवणारा माणूस मला कितीतरी जवळचा वाटतो. तुमची मते चुकीची नाहीत, पण ती अपुरी आहेत, आणि त्यांत काय कमी आहे हे तुमच्या नोकरीमुळे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. केवळ ‘दावा फेटाळला’ एवढेच लिहिलेले निकालपत्र तुम्ही कधी टंकलिखित केलेले नसेल. कोणत्या साक्षीवरून, कोणत्या कागदावरून आणि का, हे त्यात यावेच लागते, नाही तर ते अपिलात टिकत नाही. तुम्ही वहीत निकाल लिहिले आहेत. कारणे तुमच्याजवळ आहेत, हे त्या ओळींवरून स्पष्ट दिसते. ती कागदावर उतरलेली नाहीत, इतकेच.

‘स्वामी’पासून सुरुवात करू, कारण दुखावणारे बोलणे तिच्यावरून झाले. एका अनोळखी गावात अडकलेल्या माणसाला मठात आश्रय मिळतो, त्याचे आदरातिथ्य होते आणि मग त्याला जमिनीखालच्या एका खोलीत कायमचे बंद केले जाते, तेही शिक्षा म्हणून नव्हे, तर पूज्य स्वामी म्हणून. जेवण मिळते, मान मिळतो, कशाची ददात नसते, पण बाहेर पडण्याचा मार्ग उरत नाही. या कथेबद्दल तुम्ही ‘संपतच नाही’ असे लिहिलेत. त्या खोलीतील माणसाची तक्रार तरी याहून वेगळी काय असणार? तेव्हा माझा तुम्हाला पहिला प्रश्न असा की, कंटाळा कोणत्या पानावर सुरू झाला. तो माणूस मठात पोहोचण्याआधीच तुम्ही कंटाळला असाल, तर कथेची चाल सुरुवातीला जड आहे, असा तुमचा आक्षेप होतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. पण दार बंद झाल्यानंतर तुम्हाला गुदमरल्यासारखे, पाने पुढे सरकत नाहीत असे वाटले असेल, तर कथेने आपले काम तुमच्यावर केले आहे आणि तुम्ही त्या परिणामालाच दोष समजून तारे कापले आहेत. तसे झाले असेल तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फार जवळून अनुभवलेल्या गोष्टीबाबत असे होते. दुसरा प्रश्न त्या वेलीचा. त्या कोंडलेल्या जागेत उगवून उजेडाच्या दिशेने वर चढत जाणारी वेल वाचताना तुम्हाला काही झाले का? माझ्या मते सगळी कथा त्या वेलीवर तोललेली आहे. ती वेल ज्याच्यापर्यंत पोहोचली नाही, त्याला ही कथा म्हणजे केवळ एक लांबलेली कैद वाटणार, आणि मग दोन तारे त्याच्या दृष्टीने योग्यच आहेत.

‘जी. ए. कळायला तयारी लागते’ हे वाक्य मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. त्यात तथ्य नाही असे नाही, कारण प्रतीकांतून आणि दृष्टांतांतून बोलणारा लेखक पहिल्या वाचनात हाती लागत नाही. पण हे वाक्य जेव्हा दुसऱ्याचे बोलणे थांबवण्यासाठी वापरले जाते, तेव्हा ते कथेविषयी काहीच सांगत नाही. ते फक्त लेखकाच्या नावाचे वजन वाचकाच्या डोक्यावर ठेवते. या संदर्भात तुमच्याच यादीतील दुसऱ्या लेखकाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली, आणि तिच्यावर लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. तिला पहिले बक्षीस मिळाले. नंतर कळले की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. जगभर मान्यता पावलेल्या त्या शास्त्रज्ञाने आपली कथा नावाच्या आधारावाचून तपासली जावी याची काळजी घेतली, हे मला फार मोलाचे वाटते. तुमच्या बैठकीत एखाद्या महिन्यात असे करून पाहा: एकाने कथा निवडावी, लेखकाचे नाव न छापता तिच्या प्रती काढून सगळ्यांना द्याव्यात, आणि नाव चर्चेच्या शेवटी सांगावे. एक-दोघे ओळखतीलही, पण बाकीच्यांचे बोलणे कसे मोकळे होते ते तुम्हाला दिसेल.

आता ‘स्मशानातलं सोनं’. या कथेला तुम्ही पाच तारे दिलेत आणि मीही दिले असते, पण ‘फारच हृदयद्रावक’ या तुमच्या ओळीवर माझे समाधान होत नाही. नावडलेल्या कथेबद्दल आपण निदान भांडतो तरी. आवडलेल्या कथेला एक विशेषण लावून मोकळे होतो, आणि हा त्या कथेवर अन्याय आहे. मुंबईच्या उपनगरातील खाणीत राबणारा भीमा खाण बंद पडल्यावर आधी चितेच्या राखेत आणि मग पुरलेल्या प्रेतांच्या अंगावर सोने शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज दिल्यानंतर सोने शोधताना त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि त्याला ती गमवावी लागतात. तुमच्या डोळ्यांत पाणी आले ते इथे का? की त्यानंतर, खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते तेव्हा? मला विचाराल तर ही कथा त्या बातमीत आहे. साठ्यांनी ती बातमी आधी सांगितली असती, किंवा सांगितलीच नसती, तर एका भयंकर रात्रीची हकीकत तेवढी उरली असती. पहाड फोडणारे हात गेल्यानंतर पहाड पुन्हा फोडायला मिळणार, हे कळण्याची वेळ लेखकाने निवडली आहे, आणि ती निवड म्हणजेच कथा रचण्याची कला. आणखी एक पाहा. भीमा कुठेही तुमच्याकडे दया मागत नाही. तो धिप्पाड आहे, निर्भय आहे, आपल्या ताकदीचा त्याला अभिमान आहे. लेखकाने त्याला दीनवाणा केले असते, तर आपल्याला हळहळ वाटली असती आणि दुसऱ्या दिवशी आपण ती विसरलो असतो. तुमची पाच ताऱ्यांची नोंद अशी पुढे नेलीत, तर पुढच्या वेळी ‘हृदयद्रावक’ हा शब्द तुम्हाला लागणारच नाही.

आता याच कथेतील सामान डोळ्यांसमोर आणा: मध्यरात्र, स्मशान, कोल्हे, उकरलेली प्रेते. भयकथेत जे जे लागते ते सगळे इथे आहे, आणि तरीही कुणी हिला भयकथा म्हणत नाही, कारण भीमाला भुताचे भय नाही. त्याला आणि आपल्याला घाबरवते ती बंद पडलेली खाण. त्यामुळे भयकथा हे साहित्य आहे की नाही, हा वाद मला निष्फळ वाटतो. सामानावरून काहीच ठरत नाही. तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना आठवण द्यायची असेल तर एवढीच द्या की, मराठीतील आधुनिक गोष्ट ज्या साप्ताहिकात वाढली, ते हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेले साप्ताहिक ‘करमणूक’ या नावाचे होते, आणि १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तो का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने. रंजनाची लाज ज्यांना नव्हती त्यांनीच कथेचे घर बांधले. आणि त्याच हरिभाऊंनी दुष्काळावर ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथाही लिहिली. तिकडे अमेरिकेत एडगर अॅलन पो यांनी १८४२ मध्ये असे मांडले की, कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातील शब्दन् शब्द आधी ठरवलेल्या एकाच परिणामाकडे नेणारा असावा. कथेच्या रचनेविषयी इतके नेमके बोलणारा हा माणूस स्वतः भयकथा लिहीत होता. आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर वाचकांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या, आणि त्यांतील अनेक जण पुढे चोखंदळ वाचक झाले.

मात्र दिवाळी अंकातील भयकथेला तुम्ही दिलेल्या पाच ताऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे असे समजू नका. कथेविषयी तुम्ही पत्रात जे सविस्तर लिहिले आहे, त्यावरून सुरुवातीची कल्पना मला फार आवडली: घरात रोज जेवणाची पाने मांडताना एक पान जास्त मांडले जाते, त्यावर वाढलेही जाते, आणि घरातील कुणीही त्याबद्दल बोलत नाही. नव्या सुनेने पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न हवेतच राहतो, तिथे तुमच्या अंगावर काटा आला, हे मला पटते. पण कथेच्या शेवटच्या पानावर सासू त्या जास्तीच्या ताटाचा सगळा इतिहास एका दमात सांगते, आणि ‘मग जरा हलके वाटले’ असे तुम्हीच लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील हे सर्वांत तल्लख निरीक्षण आहे, आणि तेच तुम्ही वहीत नोंदवलेले नाही. भयकथा वाचकाशी एक करार करते, की मी तुला अस्वस्थ करीन. तो करार तिने शेवटच्या पानावर, खुलासा करून, मोडला. तुमच्या सदस्यांनी ‘साहित्यच नव्हे’ म्हटले तेव्हा तुमच्याजवळ सांगायला काही नव्हते. ‘एका पानाने ती चांगली भयकथा व्हायची राहिली’ असे तुम्ही म्हणाला असता, तर चर्चा वेगळ्या वाटेला गेली असती.

विज्ञान कळले नाही म्हणून ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चे दोन तारे कापणे मला मान्य नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी न लागता चाटून गेली असती तर काय झाले असते, एवढे एकच गृहीत ही कथा आपल्याकडून मागते. ते मान्य केल्यावर पुढचे सगळे त्याला धरून चालते की नाही, हे तपासायला भौतिकशास्त्र लागत नाही. उलटतपासणीत जशी विसंगती शोधतात तशी ती शोधायची. इतिहासाचे प्राध्यापक असलेले पंत एका वेगळ्याच मुंबईत येऊन पोहोचतात, आणि ओळखीच्या शहरात अनोळखी राजवटीच्या खुणा दिसू लागतात, तो भाग मी आजही त्याच आनंदाने वाचतो. पण पुढे पंतांचा मित्र या प्रकाराची वैज्ञानिक उपपत्ती सांगू लागतो, तिथे कथा थांबते आणि व्याख्यान सुरू होते, असे माझे मत आहे. तुम्हाला जे ‘कळले नाही’ ते बहुधा तिथलेच असणार. म्हणजे तुमचा आक्षेप बरोबर जागी होता. तुम्ही तो कथेवर न घेता स्वतःवर घेतलात. आणि शीर्षक पाहिलेत का? आपल्या भाषेत ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता धुव्वा उडणे. पंतांनी मनात घोळवलेले पानिपत आणि भर सभेत व्यासपीठावर त्यांचे स्वतःचे झालेले पानिपत, ही दोन्ही त्या दोन शब्दांत बसली आहेत. मराठी वाचकालाच मिळणारा हा आनंद आहे, आणि त्यासाठी निदान अर्धा तारा परत द्यावा, अशी माझी शिफारस आहे.

‘धर्मा रामोशी’बद्दल थोडक्यात. ‘कथा वाटली नाही’ हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधील ही व्यक्तिचित्रे आहेत आणि कथेच्या घडणीची अपेक्षा धरून ती वाचली तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. पण म्हाताऱ्या धर्माला दिलेले धोतर शेवटी कुणाच्या अंगावर दिसते, आणि ते दिसल्यावर लेखक एक शब्दही अधिक बोलत नाही, त्या जागेला कथा म्हणायचे की आणखी काही, याने मला तरी फरक पडत नाही.

तेव्हा मत कसे बनवावे, या प्रश्नाला माझे उत्तर साधे आहे. कथा संपल्यावर लगेच जे वाटले ते एका ओळीत लिहा, तुम्ही लिहिता तसेच, आणि त्याला नंतर हात लावू नका. एक रात्र जाऊ द्या. मग त्या ओळीखाली लिहा की असे नेमके कुठे वाटले: कोणते पान, कोणता प्रसंग, शक्य असल्यास कोणते वाक्य. तो परिच्छेद मोठ्याने वाचा; मराठी वाक्याचा खोटेपणा डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतो. त्यानंतर स्वतःला विचारा की या कथेने वाचकाला काय देऊ केले होते आणि ते दिले का. भयकथेकडे करुणा मागू नका आणि ग्रामीण कथेकडे रहस्य मागू नका, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या कथा एका रांगेत उभ्या करण्याची वेळच येणार नाही. तारे तुम्हाला प्रिय असतील तर ठेवा, पण साठ्यांचे पाच आणि त्या भयकथेचे पाच यांची तुलना करू नका. शिवाय ‘आवडली’ आणि ‘चांगली आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहायची सवय लावून घ्या. बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ तुम्ही पुढे वाचाल तेव्हा याची गरज पडेल. ती कथा आवडण्यासाठी लिहिलेली नाही, आणि मराठीतील थोर कथांत तिची गणना मी न डगमगता करतो.

मैत्रिणीच्या कथेचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण छापून झालेल्या लेखकाला तुमच्या दोन ताऱ्यांनी काही होत नाही, पण पहिली कथा घेऊन आलेली मैत्रीण एका हसण्याने लिहिणे सोडू शकते. हसण्याने काय होते हे तुम्ही नुकतेच अनुभवले आहे. तिच्या कथेला तारे देऊ नका. खोटेही बोलू नका, कारण तिला ते कळेल आणि पुढे तुमच्या स्तुतीवर तिचा विश्वास राहणार नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांच्या कथांवर सविस्तर पत्रे लिहीत, पुनर्लेखन सुचवीत, आणि त्या पत्रांवर मराठीतील कितीतरी लेखक घडले. त्यांच्या रीतीतून घेण्यासारखे हे की, अभिप्राय लेखकाबद्दल न देता त्या विशिष्ट पानाबद्दल द्यावा. कथा आधी मागून घेऊन घरी वाचा. बैठकीत कथेतील जी जागा तुमच्यापर्यंत खरोखर पोहोचली ती सांगा, आणि अशी एक तरी जागा सापडेपर्यंत कथा पुन्हा वाचा. कुठे तुमचे लक्ष सुटले ते नंतर, ती एकटी असताना, प्रश्नाच्या रूपात विचारा: ‘इथे ती बाई गप्प का राहते, ते मला कळले नाही.’ उत्तर तिच्याजवळ असेल तर ते कथेत यायचे राहिले आहे, हे तिचे तिलाच समजेल. ‘मी असते तर असे लिहिले असते’ हे मात्र कृपा करून बोलू नका. कथा तिची आहे.

ज्येष्ठ सदस्यांवर राग धरू नका. त्यांना एकदा विनंती करा की ‘स्वामी’मधील त्यांना सर्वांत आवडणारा परिच्छेद त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवावा. ज्याला एखादी कथा मनापासून प्रिय असते तो अशा विनंतीने खुलतो, आणि कदाचित ती वेल त्यांच्या आवाजातून तुमच्यापर्यंत येईल. वहीतील ‘संपतच नाही’ ही ओळ खोडू नका. तिच्याखाली अर्धे पान कोरे सोडा, तारीख घाला, आणि वर्षभराने ती कथा पुन्हा वाचा. तेव्हाही तारे दोनच राहिले, तर मला अवश्य कळवा. कोणत्या परिच्छेदामुळे ते दोनच राहिले, हे मला तुमच्याकडून वाचायचे आहे.